कस्तुरामावशीचा फाळ

१ जानेवारी १९४३, लोणावळे

सकाळच्या उपासनेनंतर वचने काढली. आमच्या देवळात दर नव्या वर्षी पाळकसाहेब बिस्किटांचा एक जुना डबा फिरवतात. त्यात पवित्र शास्त्रातल्या वचनांच्या सुरळ्या असतात. ज्याने जी उचलली ती त्याची वर्षभराची. बहुतेकांना खडक, ढाल किंवा मेंढपाळ मिळतो. लोक वचन चौकटीत घालून भिंतीला लावतात आणि पुढच्या वर्षी उतरवतात.

मला यशया संदेष्ट्याचे आले. लोक आपल्या तलवारी ठोकून त्यांचे नांगराचे फाळ करतील, ते. मी ते मोठ्याने वाचले. मागे बसलेल्या धोंडाबाई कानाशी येऊन म्हणाल्या, बदलून घे, डब्यात अजून बरीच आहेत.

मी बदलले नाही. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. वचन भिंतीला टांगून मोकळे व्हायचे असेल तर चार वर्षे पुण्यात दिवे जाळून काय मिळवले? यंदा हे वचन मी करून दाखवणार. अक्षरशः.

बाबांना दोन अंगरखे असणाऱ्याने एक नसणाऱ्याला द्यावा असे आले. त्यांनी नुकताच नाताळात दुसरा कोट शिवला आहे. वचन दोनदा वाचून त्यांनी ते घरी आणले आणि दारामागे लावले. दार दिवसभर उघडे असते, त्यामुळे तिथले काही दिसत नाही.

४ जानेवारी

अडचण अशी की तलवार नाही. बाबा रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर. क्वार्टरमध्ये पाने, कानशी, हातोडे आहेत, पण एकही शस्त्र नाही. आईला विचारले. ती म्हणाली, विळी आहे, ती ने, पण मग भाजी तू दाताने चीर.

आईला या गोष्टींचे गांभीर्य नाही.

१७ फेब्रुवारी

दीड महिना लिहिले नाही, कारण केले नाही. आज मात्र मार्ग दिसला, आणि तो आमच्या ओट्यावर बसला होता.

कस्तुरामावशी कुसगावाहून रोज आमच्याकडे दूध घालते. आज दूध ओतून झाल्यावर ती उठेना. नवरा जाऊन तिला दोन वर्षे झाली. ओढ्याकाठचे रान तिच्या वाट्याचे. पौषात नांगरताना फाळ दगडावर मोडला. तो आधीच दोनदा जोडलेला, आता जोडायला काही उरले नाही. नवा करावा तर लोहाराकडे लोखंड नाही, सगळे लढाईला गेले. नांगरटीच्या दिवसांत आपला नांगर दुसऱ्याला कोणी देत नाही. आणि तिचे थोरले दीर महिपतीआबा चावडीवर बोलून बसले आहेत की आमच्या घराण्याचे रान पडीक पडू देणार नाही, मृगापर्यंत तिचा नांगर फिरला नाही तर माझा फिरेल.

“एकदा त्यांचा नांगुर शिरला की रान त्यांचं,” मावशी म्हणाली. “कागुद काय म्हनंल त्ये म्हनंल.”

मी विचारले, तुम्ही त्यांना समजावून का सांगत नाही? ती म्हणाली, थोरल्या दिराशी कसं बोलायचं? लग्न होऊन या घरात आल्यापासून ती त्यांच्यासमोर पदर पुढे ओढून उभी राहते. तोंडातून शब्द काढलेला नाही.

आई चहा गाळता गाळता म्हणाली, त्यांच्या घरी एक तलवार आहे ना गं, जुनी?

माझ्या हातातली बशी पडली. मोडली नाही.

२० फेब्रुवारी

कुसगावास गेले. महिपतीआबा साठीचे, मिशा पांढऱ्या, गळ्यात पंचा. सून गुळाचा चहा घेऊन आली. तलवार माजघरात खुंटीला, फडक्यात गुंडाळलेली. मी यशयाचे वचन सांगितले आणि ती तलवार फाळासाठी मागितली. 

त्यांनी पूर्ण ऐकले. मग सावकाश सांगू लागले. ती त्यांच्या पणज्याची तलवार. गावात एकच. गेल्या साठ वर्षांत कुसगावातला एकही नवरदेव तिच्याशिवाय घोड्यावर बसलेला नाही. हातात तलवार, टोकाला लिंबू, मगच वरात निघते. उद्या नवरदेवांनी हातात काय धरायचे?

“त्ये नुसतं लोखंड न्हाई, बाई,” ते म्हणाले. “त्याला हात लावायचा मला बी हक न्हाई.”

मी म्हटले, रक्त सांडणाऱ्या वस्तूचा एवढा मान कशाला? ते म्हणाले, त्यांच्या माहितीत तिने आजवर फक्त लिंबे मारली आहेत.

निघताना म्हणाले, पुन्हा या. बोलणे बरे वाटले.

मला त्यांच्या मनात हालचाल जाणवली.

६ मार्च

तिसऱ्यांदा जाऊन आले. दोन्ही घरांचे अंगण एकच, आज मावशी तिथे शेणी थापत होती. महिपतीआबा ओट्यावर, मी मध्ये. आबा म्हणाले, तिला विचारा, म्हैस आटली का? मी तिला विचारले. ती म्हणाली, त्यास्नी म्हनावं, न्हाई. मी त्यांना सांगितले. दोघांमध्ये दहा हात अंतर आणि दोघांचेही कान तीक्ष्ण, तरी प्रत्येक वाक्य मला उचलून पलीकडे नेऊन ठेवावे लागले. अशी बारा-तेरा वाक्ये वाहिली. मी नसताना हे काम गोठ्यातल्या खांबाकडे असते, असे सून म्हणाली. खांबाला उद्देशून बोलायचे.

जुन्या संदेष्ट्यांनाही दोन्हीकडचे बोलणे वाहून न्यावे लागे. त्यांना म्हशीबद्दल विचारत नसत, एवढेच.

आबांनी शास्त्र वाचायला मागितले. चार इयत्ता शिकलेत, बाळबोध वाचतात. माझी प्रत दिली. परतताना पाय जमिनीला लागत नव्हते.

१ एप्रिल

जमिनीला लागले.

आबांनी वाट बघितली होती. ओट्यावर चार शेजारी बसवले होते. पुस्तकात पिंपळाचे पान खुणेला घालून ठेवले होते. म्हणाले, तुमचा म्हाराज म्हणतो तलवारीचे फाळ करा. बरोबर? मी हो म्हटले. मग त्यांनी पान उघडून योएल संदेष्ट्याचे वचन बोट ठेवून वाचले. त्यात फाळ ठोकून तलवारी करा असे आहे. अगदी उलट.

“तुमच्यातच दोन पार्ट्या हायेत,” ते म्हणाले. “आदी तुमच्या दोगा म्हाराजांनी बसून काय त्ये ठरवावं. मग आमच्याकडं या.”

शेजारी हसले. मी तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाले आहे आणि मी फक्त माझे पुस्तक मागितले. पुस्तक त्यांनी परत दिले नाही. म्हणाले, अजून लय राहिलंय, गोडी लागली.

संध्याकाळी पाळकसाहेबांना विचारले. ते म्हणाले, पूर्वापर संदर्भ बघावा लागतो. कोणता, हे त्यांनाही बघावे लागणार आहे.

९ एप्रिल

मन अतिशय खाली. मृगाला दोन महिने राहिले. मावशी दूध ओतते, माझ्याकडे बघते, काही विचारत नाही. त्यापेक्षा विचारले असते तर बरे. तिच्या रानाचा प्रश्न मी माझ्या वचनाचा प्रश्न करून ठेवला की काय, असे आज पहाटे वाटले. उठून तोंड धुतल्यावर तितकेसे वाटले नाही.

२५ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

घंटा वाजली आणि मला दिसले.

म्हणजे इतकी वर्षे ती डोळ्यांसमोरच होती. आमच्या देवळाची घंटा म्हणजे जांभळाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. चांगला अडीच हात लांब. बाबांनीच तरुणपणी त्याला भोक पाडले. गज घेऊन ठोकला की वलवणपर्यंत ऐकू जातो. लोखंड! उत्तम, जाड, विलायती लोखंड, आणि ते आपले.

यशयाने लोकांना आपल्या तलवारी मोडायला सांगितल्या. मी दोन महिने दुसऱ्याची मागत फिरले.

२ मे

मंडळीची बैठक. मी प्रस्ताव मांडला. घंटेचे लोखंड कस्तुराबाईला फाळासाठी द्यावे, उपासनेची वेळ सगळ्यांना ठाऊक आहे, घंटेवाचून कोणी चुकणार नाही.

सगळे एकदम बोलू लागले. धोंडाबाई म्हणाल्या, या घंटेशिवाय आपल्यात एक लग्न लागलेले नाही. दुसरे कोणी म्हणाले, ही आपल्या आधीच्यांनी लावली, तिला हात लावायचा हक्क आपल्याला नाही. तिसऱ्याने शंका काढली, की ती बाई आपल्यातली नाही. शेवटी पंचांच्या वतीने बाबा उठले. आवाज चढलेला. “एस्तेर, ते नुसतं लोखंड नाही.”

मी डोळे मिटून ऐकले असते तर वाटले असते महिपतीआबाच पंचांत बसलेत. फक्त लिंबाचा उल्लेख नव्हता.

प्रस्ताव पडला. बाजूने मी एकटी. आईने हात वर केला होता, पण तो डोक्यावरचा पदर सारखा करायला, असे तिने नंतर बाबांना सांगितले.

५ मे

बाबा बोलत नाहीत. मीही नाही. आई मध्ये उभी राहून दोन्हीकडचे सांगते. भाजीत मीठ कमी आहे हे मला तिच्याकडून कळले, तेव्हा ताट माझ्यासमोरच होते.

७ मे

आईने घर झाडले. झाडताना दारामागचे बाबांचे वचन काढले, पुसले आणि कोट टांगायच्या खुंटीवर लावले. दोन्ही कोट तिथेच. मी विचारले, हे इथे का? ती म्हणाली, तिकडे ओल धरते.

बाबा कामाला निघताना कोट घ्यायला गेले आणि थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग कोट न घालता गेले.

८ मे

दुपारी बाबा हत्यारांची पेटी घेऊन बाहेर पडले. कुठे, ते सांगितले नाही. तासाभराने देवळाकडून करवतीचा आवाज येऊ लागला. मी धावत गेले. बाबा जांभळाखाली, सदरा घामाने चिकटलेला, रूळ कापत होते. मला बघून थांबले नाहीत. मी दुसरे टोक धरले. दोघांनी मिळून एक वीत कापायला सव्वा तास लागला. पाती तीन मोडली.

पाळकसाहेब आले, बघितले, चष्मा पुसला. बाबा त्यांना म्हणाले, घंटा लांब होती, फांदी वाकत होती, पावसात मोडली असती. पाळकसाहेबांनी वर फांदीकडे बघितले. ती माझ्या मांडीएवढी जाड आहे. ते म्हणाले, हो, वाकली असावी.

तुकडा बाबांनी माझ्या हातात दिला. गरम होता. इतक्या दिवसांनी माझ्याशी पहिले वाक्य बोलले.

“जड आहे. दोन्ही हातांनी धर.”

९ मे

घंटेचा आवाज बदलला आहे. आता चिरका, घाईचा वाटतो. निम्मी मंडळी उशिरा आली. म्हणाली, आम्हाला वाटले शाळेची. बाबा दाराशी उभे राहून प्रत्येकाला फांदीबद्दल सांगत होते. धोंडाबाई म्हणाल्या, फांदीचं बाई बरं झालं वेळेवर कळलं. त्यांचा चेहरा गंभीर होता.

१२ मे

मावशी आणि मी लोहाराकडे. बजरंग लोहार कुसगावच्या वेशीवर बसतो. त्याने तुकडा हातात तोलला, वाजवला आणि म्हणाला, एक नाही, दोन होतील.

मी सहज म्हटले, तलवार मिळाली असती तर हे सगळे टळले असते. त्याने भाता थांबवला.

“तलवारीचा फाळ हुत न्हाई, बाई. पातं पातळ. पैल्या दगडाला वाकतंय. लय झालं तर दोन खुरपी निगतील.”

मी विचारले, हे आधी का नाही सांगितले?

“मला कुनी इचारलंच न्हाई.” मग जरा वेळाने म्हणाला, “आबा इचारून गेलं हुतं. तुमी पैल्यांदा आला त्याच्या दुसऱ्या दिशी.”

तिथून सरळ आबांकडे गेले. ते ओट्यावर माझे शास्त्र वाचत होते, आता पहिल्या पानापासून लागून ईयोबाच्या पुस्तकापर्यंत आले होते. मी म्हटले, आबा, तलवारीचा फाळ होत नाही हे तुम्हाला फेब्रुवारीपासून ठाऊक होते. ते जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, व्हय. मग सांगितले का नाही? तर म्हणाले, सांगितले असते तर तुम्ही आला नसता.

२४ मे

दोन्ही फाळ झाले. एक मावशीने नांगराला ठोकून घेतला. दुसरा तिने फडक्यात गुंडाळून कणगीमागे ठेवला. मी सुचवले, की तो कान्हे गावच्या कोणा गरजूला द्यावा, मी नाव शोधते. ती म्हणाली, राहू दे, रानात दगूड लय हायेत.

वळीव पडून गेला आहे. गावात नांगर बाहेर निघाले.

३० मे

मावशीचे रान निम्मे नांगरून झाले. ठाकरवाडीचा शिदू नांगर धरतो, मावशी पुढे बैलांना हाकते. मी ढेकळे फोडते. हाताला फोड आले आहेत, ते मी आईला दाखवले. आई म्हणाली, छान.

आबा बांधावर येऊन उभे राहतात. नांगराकडे बघतात, बोलत नाहीत, निघून जातात. आज मला जवळ बोलावून म्हणाले, तिला सांगा, फाळ उथळ चाललाय. मी सांगितले. ती म्हणाली, त्यास्नी म्हनावं, चालू द्या.

२ जून

आबांचा फाळ मोडला. वरच्या रानात, कातळाला लागून, मुळापासून. बजरंगाकडे लोखंडाची काडी नाही. आबांनी वडगावला माणूस पाठवला, तो हात हलवत आला. मृगाला पाच दिवस आणि त्यांचे अर्धे रान तसेच.

गावात कोणी हसले नाही, पण आज चावडीवर नेहमीपेक्षा जास्त माणसे बसली होती. आबा फिरकले नाहीत.

मला आनंद झाला नाही. खरे लिहायचे तर थोडा झाला. नंतर प्रार्थना केली.

३ जून

सकाळी रानात गेले तेव्हा मावशीचे शेवटचे दोन वाफे चालले होते. आबा बांधावर येऊन उभे राहिले, रोजच्यासारखे. आज हातात काठीही नव्हती. शेजारच्या रानातल्यांनी बैल थांबवले.

मावशीने शिदूला थांबवले. बांधाच्या कडेला तिची भाकरीची पाटी होती, त्यातून फडक्यातला दुसरा फाळ काढला. चालत जाऊन तो आबांपासून चार हातांवर बांधावर ठेवला आणि मागे येऊन, पदर ओढून माझ्या बाजूला उभी राहिली.

“त्यास्नी म्हनावं, ह्यो न्या. मिरग कुनासाठी थांबत न्हाई.”

मी पलीकडे जाऊन सांगितले. सांगताना भाषा थोडी नीट केली. आबांनी खाली वाकून फाळ बघितला, उचलला नाही.

“तिला इचारा, ह्ये त्या घंटेचं लोखंड का?”

विचारले. हो म्हणाली.

“मग त्ये आमच्या नांगराला चालंल का, म्हनावं.”

मी हा प्रश्न धर्मशास्त्राच्या बाजूने घेऊन तिच्याकडे निघाले, उत्तराची तयारीही मनात सुरू केली. मावशी पदराआडून म्हणाली, त्यास्नी सांगा, दगूड लागला की कळंल.

शेजारच्या रानात कोणीतरी खोकले. मी परत आबांकडे गेले. ते बांध बघत होते, मग नांगरलेले रान, मग पुन्हा बांध. फाळ त्यांनी उचलून खांद्यावर घेतला. म्हणाले, “तिला म्हनावं, चावडीवर मी जे बोललो हुतो...” आणि थांबले. मी थांबले.  शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावरून पलीकडे बघितले.

“कस्तुरा, तुज्या रानाची वरली कड राह्यलीया. नांगराची दोन तासं अजून घाल. पानी तिथनंच शिरतंय.”

मी सांगायला वळले. तोंड उघडले होते.

“घालते, भावजी,” मावशी म्हणाली. “तुमी तुमचं बगा आदी. ऊन चढलं.”

आबा ‘व्हय, व्हय’ म्हणत निघाले. चार पावलांवर थांबून पुन्हा तिलाच म्हणाले, शिदूला सांग, बैल दमवू नको. तिने बरं म्हटले. शिदू मधोमध उभा होता, त्याला दोघांचेही ऐकू आले असणार.

मी बांधावर थोडा वेळ उभी राहिले. कोणी माझ्याकडे पलीकडे न्यायला काही दिले नाही.

वचनाचे म्हणाल तर तलवार अजून त्यांच्या माजघरात खुंटीला आहे. परवा गावात लग्न आहे, म्हणून ती घासायला काढली आहे असे सून म्हणाली. वर्ष अर्धे संपत आले. पुढचे अर्धे नीट आखायला हवे.

घरी आले तर चहा उकळत होता. आई म्हणाली, आज इतक्या लवकर?

मी म्हटले, तिथे माझे काही काम उरले नव्हते. आईने माझ्याकडे बघितले आणि चहात आणखी एक चमचा साखर घातली, रेशनची असून.